गाडीला साडी नेसवली तो हिवाळा

दादाला त्याच्या कंपनीने पाच महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी बंगलोरला पाठवलं. निघताना तो आईबाबांच्या पाया पडला आणि मग मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन आपल्या मोटरसायकलच्या टाकीवरून असा काही हात फिरवत उभा राहिला की आई म्हणाली, "तिच्याही पाया पड एकदाचा, म्हणजे दारातली रिक्षा निघून जाणार नाही."

दोन हजार तीन-चारची गोष्ट. मी उल्हासनगरला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि मला एकच वेड लागलं होतं. एप्रिलमध्ये आमच्या बदलापूर गावातून जयंतीची मोटरसायकल रॅली निघते, निळे झेंडे लावून. त्यात मला गाडी चालवायची होती. मागे बसायचं नाही, चालवायची! पोरं पुढे हॉर्न वाजवत जाणार आणि बायका पांढऱ्या साड्या नेसून मागून पायी येणार, हे बघून दरवर्षी माझं डोकं फिरायचं.

मी दादाच्या इतकी मागे लागले होते की शेवटी त्याने रिक्षात बसता बसता शब्द दिला. "मी येईपर्यंत गाडीवर गंजाचा एक ठिपका दिसला नाही, तर रॅलीत गाडी तुझी. शिकवीन पण मीच. तोवर नुसती चालू करायची आणि बंद करायची. रस्त्यावर काढलीस तर बघ!"

"आईशप्पथ नाही काढणार," मी म्हटलं. आई बाजूलाच होती. तिने माझ्या डोक्यात टपली मारली.

मग मी अतिशहाणपणा केला. बाजारातून ताडपत्री आणली, गाडी डोक्यापासून चाकापर्यंत गुंडाळली आणि सुतळीने करकचून बांधली. मुंगीला आत जायला जागा नाही. मी स्वतःवरच इतकी खूश होते की महिनाभर उघडूनही बघितलं नाही.

डिसेंबरात आमच्याकडे नदीवरून धुकं येतं आणि चांगली थंडी पडते. अशाच एका सकाळी शेडमध्ये गेले तर वरून टपकन थेंब मानेवर. बाहेर धुकं विरून ऊन पडलेलं, पावसाचा पत्ता नाही, आणि आत पत्र्याला घाम फुटलेला! सुतळी सोडली, ताडपत्री ओढली, तर तिच्या आतून पाणी ओघळायला लागलं. सायलेन्सरवर तांबूस ठिपके. एक नाही, चार. मी अशी किंचाळले की आई पिठाच्या हातात लाटणं घेऊन धावत आली. तिला वाटलं साप निघाला.

"साप परवडला असता गं आई!" म्हणून मी तिथेच भोकाड पसरलं.

बाबा अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. आयुष्यभर लोखंडाचे पार्ट सांभाळलेला माणूस, पण विचारल्याशिवाय बोलेल तर शपथ. रात्रपाळी करून आले, शेडमध्ये उकिडवे बसले, ताडपत्रीचं टोक चिमटीत धरलं आणि म्हणाले, "तू गाडी झाकली नाहीस, वाफवलीस. मोदक आहे का तो?"

मग त्यांनी समजावलं. जमिनीची ओल वर येते, रात्री पत्रा गार पडतो, आतल्या दमट हवेला बाहेर जायला वाट नसते, मग तिचंच पाणी होऊन खाली टपकतं. ताडपत्री गाडीवर नको, गाडीखाली हवी. ती जमिनीवर अंथरायची, वर फळ्या टाकायच्या, त्यावर गाडी. भिंतीत खाली एक आणि समोर वरच्या बाजूला एक अशी फट ठेवायची, हवा खेळली पाहिजे. पत्र्याला आतून थर्माकोल लावायचा. आणि अंगावर सुती कापड, सैल.

थर्माकोल बाबांनी कारखान्यातल्या पॅकिंगच्या कचऱ्यातून, रीतसर गेटपास काढून आणला. लोकलमधून आणताना अर्धा चुरा झाला आणि बाबा घरी आले ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. सुती कापड म्हणून आईने ट्रंकेतून दोन जुन्या साड्या काढल्या, "माझ्या लेकाला बायको बघायच्या आधी ही सून आली" असं पुटपुटत गाडीला नेसवल्या, आणि माझी गंमत करायला हँडलवरून पदरही काढला. ठिपके मी रॉकेलच्या बोळ्याने हळूहळू घासून काढले. आठवड्याने बघितलं तर पत्रा कोरडा, गाडी कोरडी. मी शेडमध्ये एकटीच नाचले.

तरी एक भानगड उरलीच. दर रविवारी मी गाडी दोन मिनिटं चालू करून बंद करायचे, आणि सायलेन्सरमधून पाण्याची पिचकारी उडायची. कॉलेजजवळ स्पेअर पार्टचं दुकान होतं, तिथल्या सिंधी काकांना विचारलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"बेटा, दो मिनट में तो अंदर पानी बनता है, सूखता नहीं. साइलेन्सर अंदर से सड़ जाएगा. हफ्ते में एक बार दस-बारा किलोमीटर घुमाके लाओ, पूरी गरम होने दो."

झाली ना पंचाईत! गाडी बाहेर काढली तर शब्द मोडतो, नाही काढली तर आतून गंजते. मी घरी येऊन सांगितलं. तोंड पाडलं होतं, पण मनात उकळ्या फुटत होत्या. आईने भाकरी थापता थापता निकाल दिला. "गाडी जगली पाहिजे. त्याला इतक्यात कळवू नका, तिकडे त्याला जेवण जाणार नाही."

लर्निंग लायसन्स काढलं. शिकवणार कोण? बाबा! ज्यांनी जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. रविवारी सकाळी एमआयडीसीचा रिकामा रस्ता, मी गाडीवर, आणि बाबा मागचं कॅरिअर धरून सायकल शिकवतात तसे धावतायत. "सोडू नका बाबा!" "नाही सोडत!" मी क्लच सोडला, गाडीने उडी मारली आणि बाबा पायातून निसटलेली चप्पल हातात घेऊन कुठल्या कुठे मागे राहिले. दर रविवारी संध्याकाळी दादाचा फोन यायचा. "रस्त्यावर काढत नाहीस ना?" मी म्हणायचे, "छे रे!" आणि फोन ठेवल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

रॅलीच्या आदल्या दिवशी दादा आला. पिशवी खाली न ठेवता शेडमध्ये गेला, साडी बाजूला केली, पांढरा रुमाल काढून सायलेन्सर, हँडल, स्पोक सगळं पुसलं. रुमाल पांढराच. त्याचे डोळे भरून आले, वेड्याचे. "चल, शिकवतो," म्हणाला.

मी कधी गाडी बघितलीच नाही असं तोंड करून बसले. आणि तो इतक्या मायेने शिकवायला लागला, "घाबरू नकोस, मी आहे," की मला राहवेना. मी रडायलाच लागले. "दादा, मला येते रे. जानेवारीपासून येते." सगळं ओकून टाकलं. तो फणकाऱ्याने घरात निघून गेला. मी मनात म्हटलं, गेली रॅली.

सकाळी उठून बघते तर गाडी दारात उभी, झेंडा बांधलेला, आणि दादा इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या सीटवर. "शब्द तू मोडलास, मी नाही मोडणार," म्हणाला. "बस. बघू काय दिवे लावलेत."

मी बसले. एवढ्यात आई पांढरी साडी नेसून बाहेर आली. आम्हा दोघांना गाडीवर बघून दादाला म्हणाली, "उतर रे. मी बसते."

"आई, तू तर बायकांबरोबर चालत जातेस ना?"

"तीस वर्षं चालले," आई म्हणाली आणि पदर खोचून माझ्या मागे बसली.