सूर डब्यात होते

"खोल, न्हायतर संगिनीनं खोलतो!"

जमादार ओरडत होता तो माझ्या ऑर्गनवर. सोलापुराहून तुळजापूरच्या वाटेला, निजामाच्या नाक्यावर त्यानं माझी बैलगाडी अडवली आणि आवाज असा लावला, की मैलभरातली पाखरं हद्द ओलांडून इंग्रजांच्या मुलखात गेली. दिवस धामधुमीचे. पलीकडून चोरून बंदुका येत, आणि माझा ऑर्गन चांगला कपाटाएवढा. पंधरा वर्षं नाटक मंडळीत तो वाजवला. मंडळी मोडली तेव्हा मालकानं माझ्याच गळ्यात घातला. आता धाराशिवात जलसे करून पोट भरायचं, हा बेत.

"बाजा हाय म्हनतूस, तर वाजीव," जमादार म्हणाला.

मी पायांनी भाता मारला, दहाही बोटं पट्ट्यांवर टाकली. फुस्स. नुसता वारा. कारण मला वाजवायला शिकवलं त्या धाराशिवच्या गुरुजींचा नेम होता : ऑर्गन हलवायचा तर आधी सूर काढायचे. सूर म्हणजे आत वाजणाऱ्या पितळी पात्या. दगडाधोंड्यांतून गाडी चालली की बिघडतात. लहानपणी हा नेम मी एकदाच मोडला, तर गुरुजींनी तबल्याची हातोडी अशी भिरकावली की ती अजून येडशीच्या रानात पडली असेल. म्हणून एकेक सूर चिंधीत गुंडाळून रॉकेलच्या डब्यात ठेवला होता, आणि डब्यावर गाडीवान बसला होता.

"सूर डब्यात आहेत," मी बोलून गेलो.

शिपाई हसले. जमादाराला वाटलं, मी टिंगल करतोय. त्यानं कानाखाली काढलेला जाळ तुळजापूरच्या देवळात चौघडेवाल्यांनी ऐकला असावा. कुठाय डबा, म्हणाला.

तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडला. पितळ दिसलं की काडतुसांचं समजून हे जप्त करणार. भाता इथला चांभार शिवील, लाकूड सुतार सांधील; विलायती सूर कोण देणार? मागच्या गाडीत आहे, असं मी ठोकून दिलं. मागं गाडीच नव्हती.

मग संगीन भात्यात शिरली. कातडं बोकडासारखं फाटलं. बंदुकीच्या दस्त्यानं फळ्या उडाल्या, तसा मी जमादाराच्या कमरेला झोंबलो. शिपाई पाच होते. सांगताना मी पंचवीस सांगतो, मार तेवढ्यांचाच होता. दोन दात तिथंच राहिले. शेवटी दोघांनी माझा डावा हात पट्ट्यांवर दाबून धरला आणि जमादारानं वरचं झाकण आपटलं. दोनदा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोडलं. त्या दिवशी ऑर्गनमधून निघालेला आवाज तेवढाच.

गाडीवान डब्यावरून हलला नाही. बंदूक सापडेना, तेव्हा आम्हाला सोडलं.

धाराशिवला गुरुजींच्या ओसरीवर फाटका ऑर्गन उतरवला आणि सगळी लढाई सांगितली, पंचवीस शिपायांसकट. मग हात पुढं केला. जलशात पुन्हा वाजवता येईल का, एवढंच विचारलं.

त्यांनी दोन्ही बोटं वाकवून पाहिली. मी केकाटलो. मग त्यांनी डबा उघडला, एक सूर तोंडाशी धरून फुंकला. वाजला.

"न्हाय," ते म्हणाले. "सकाळी पोरं येतात. त्यांना शिकव."