हर्णेच्या डब्याचा पत्ता

लांज्याच्या आमच्या काजूच्या कारखान्यात टेबलावरचे फोन इंटरनेटवर चालतात. त्यासाठी ऑफिसातल्या कपाटावर एक छोटा डब्यासारखा सर्व्हर आहे. तो सांभाळणं माझ्याकडे, कारण पॅकिंग, लाईटबिल आणि ज्याला कोणी हात लावत नाही ते प्रत्येक काम शेवटी माझ्याच यादीत येतं. तसाच दुसरा डबा मी हर्णेला आत्याच्या घरी बसवला, तो मात्र बाबांसाठी.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि शब्द अडकायला लागले. डॉक्टर म्हणाले, रोज बोलतं ठेवा, नाहीतर आहेत ते शब्दही जातील. आमच्याशी ते बोलत नसत. बोलायचे ते फक्त आपल्या बहिणीशी. मोबाईल त्यांना धरता येईना, आणि व्हिडिओत स्वतःचं वाकडं झालेलं तोंड दिसलं की मान फिरवत. म्हणून पलंगाशी रिसीव्हरवाला साधा फोन ठेवला, कारखान्याच्याच सर्व्हरला जोडलेला. एक बटण दाबलं की आत्याच्या स्वयंपाकघरात घंटा वाजे. डाव्या हाताचं एक बोट पुरत होतं. रोज संध्याकाळी ते आपले आपण दाबत, एखादा शब्द ओढून काढत, आणि आत्या भाजी चिरता चिरता ऐकत बसे.

अडचण अशी, की दोन सर्व्हर जोडायचे तर एकाला दुसऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता माहीत लागतो. लांज्याचा पत्ता आम्ही कायमचा मागून घेतला आहे. हर्णेला ती सोय नाही. तिथे लाईट जाऊन आली की डब्याला नवा पत्ता मिळतो, आणि इकडून लावलेला फोन जुन्याच पत्त्यावर जाऊन पडतो.

मी माझ्या पद्धतीने उपाय काढला. सकाळचा पहिला चहा झाला की आत्याला मोबाईलवर गाठायचं, डब्याच्या छोट्या पडद्यावरचा त्या दिवसाचा पत्ता वाचून घ्यायचा, आणि इकडे टाकायचा.

"एकशे तीन. टिंब. मग... थांब गो, चष्मा कुठे ठेवला."

"सावकाश सांग."

"एवढी बिऱ्हाडं मुंबईत तुझ्या आतोबांनीसुद्धा बदलली नव्हती! या तुझ्या डब्याला एका जागी ठरत नाही काय?"

एकदा दुपारी हर्णेची लाईट गेली, आणि मला कळलंच नाही. संध्याकाळी बाबांनी बटण दाबलं. नुसता पीं पीं आवाज. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. रिसीव्हर त्यांनी गादीवर टाकला. दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत होतं, पण ते बटणाला हात लावेनात. मी माझा मोबाईल कानाशी धरला तर भिंतीकडे वळले. आठवडाभर घरात त्यांचा एक शब्द ऐकू आला नाही.

मी सेटिंग उघडून बसले आणि तेव्हा माझंच मला हसू आलं. आमच्या घरची रीत अशी, की बाहेर गेलेल्याने पोचल्यावर एक मिस्ड कॉल द्यायचा. खोली बदलली, गाव बदललं, तर त्याने कळवायचं. घरच्यांनी माग काढत फिरायचं नाही, कारण घर जागचं हलत नाही. ही रीत इतकी वर्षं पाळून मी मात्र रोज घरातून उठून त्या डब्याच्या मागे धावत होते!

सर्व्हरमध्ये तशी सोय होतीच. लांज्याच्या सर्व्हरमधला हर्णेचा पत्ता पुसला. तिथे फक्त "पत्ता बदलता" अशी खूण, एक नाव आणि एक पासवर्ड ठेवला, म्हणजे दुसरंच कोणी हर्णे म्हणून आत शिरायला नको. रविवारी हर्णेला जाऊन तिथल्या डब्यात लांज्याचा कायमचा पत्ता लिहिला. थोड्या थोड्या वेळाने तिकडे हजेरी लावत जा, एवढंच त्याला सांगितलं. आत्याने दिलेला सुका जवळा पिशवीत घालून परत आले.

दोन दिवसांनी जोराचा वारा सुटला आणि हर्णे अंधारात गेलं. माझ्या स्क्रीनवर त्या डब्याच्या नावापुढे "संपर्क नाही" असं दिसत होतं. पॅकिंगची खोकी मोजायची सोडून मी तिथेच बसून राहिले. दुपार कलली. आणि अचानक ती ओळ बदलली. नाव तेच, पत्ता कोरा करकरीत नवा, आणि पुढे "हजर".

मी कोणाला काही विचारलं नव्हतं. आत्याला तर लाईट आल्याचंही कदाचित कळलं नसेल. मधे खाड्या, घाट, सुटलेला वारा. आणि तिथून एक मुठीएवढा डबा जागा झाला, आपण आता कुठे आहोत ते त्याने समजून घेतलं, आणि आधी घरी कळवलं. तो कसा चालतो ते मला पायरी पायरीने ठाऊक आहे, मीच तर लिहिलं होतं सगळं. तरी अंगावर काटा आला. मी हात जोडले नाहीत एवढंच.

आत्याला मोबाईलवर एवढंच सांगितलं, आज तिकडून तू लाव. घरी आले. बाबांना काही बोलले नाही. ते बटण दाबणार नव्हतेच. दिवेलागणीला त्यांच्या उशाशी फोन खणखणला. हर्णेहून. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घंटा वाजत राहिली. मी हात मागे बांधून उभी राहिले.

डावा हात हळूहळू पुढे गेला.

"काय रे, जेवलास काय दुपारी?" आत्याचा आवाज रिसीव्हरबाहेरही स्पष्ट ऐकू येतो.

बाबांचे ओठ बराच वेळ नुसते हलत होते. मग म्हणाले, "आमटी... खारट."

आजारपणानंतर दोन शब्द त्यांनी पहिल्यांदाच एकमेकांना जोडले होते.

"मग सांग की तिला तसं!" आत्या ओरडली.

त्यांनी माझ्याकडे बघत पुन्हा एकदा सांगितलं.