उलट्या तारखेची दोन तिकिटे

त्या दुपारचा सामना मी पाहिला नाही. कोण जिंकले हेही मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळले. पण सामना चालू असताना आमच्या ठाण्यातल्या चौकशीच्या खोलीत जे घडले ते आजही आठवते, आणि आठवले की मन अस्वस्थ होते.

न्यू जर्सीतल्या एका शहराच्या पोलीस खात्यात मी अठ्ठावीस वर्षे काढली, त्यातली शेवटची चौदा डिटेक्टिव्ह म्हणून. अमरावतीहून आईवडिलांबरोबर इथे आलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मराठी घरात टिकली. लिहिण्याचा सराव मात्र फक्त अहवालांचा, तोही इंग्रजीतला. तेव्हा लेखनातले दोष वाचकांनी सांभाळून घ्यावेत. नाव मी कोणाचेही देणार नाही.

दोन हजार दोन-तीनचा तो सुमार. आयटीतल्या नोकऱ्या भराभर जात होत्या. त्याच वसंतात आमच्या भागातला बास्केटबॉलचा संघ प्लेऑफ्समध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतर वरच्या संघांत होणाऱ्या बाद फेरीत, पोहोचला होता. स्टेडियम आमच्या हद्दीत असल्यामुळे बंदोबस्त आमच्याकडे. आधीच्या दोन सामन्यांना दारावर बनावट तिकिटे सापडली होती, आणि यामागे टोळी आहे असे वरिष्ठांचे मत होते.

सामन्याच्या दोन दिवस आधी ठाण्यात एक निनावी फोन आला. जर्सी सिटीत स्टेशनाजवळच्या फोटोकॉपीच्या दुकानात एका भारतीय माणसाने जाड कागदावर दोन तिकिटे छापून घेतली, आणि दुकानातले कटर न वापरता स्वतःच्या पोलादी पट्टीने आणि ब्लेडने ती कापली, एवढीच खबर. चष्मा होता, टोपी होती. वय फोन करणाऱ्याच्या लक्षात नव्हते.

रविवारी दुपारी दारावरच्या यंत्राने दोन तिकिटे नाकारली. ती घेऊन आलेले दोघे बापलेक निघाले. दोघांनाही चष्मा, आणि दोघांच्याही डोक्यावर घरच्या संघाची टोपी. त्यांना ठाण्यात आणले तेव्हा डेस्कवरचा सार्जंट मला म्हणाला, "तुझे पाहुणे आलेत. चहा सांगू का?"

अशा वेळचा नियम साधा आहे: दोन संशयित, दोन खोल्या. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या कानावर पडता कामा नये. पण वडील सत्तरी ओलांडलेले. मी खोलीत शिरलो तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांना "तुम्ही बाहेर बसा" असे सांगायला माझी जीभ रेटेना. मीच त्यांना बसा म्हटले आणि दार लावून घेतले.

दोघांनाही त्यांचे हक्क मराठीत समजावून सांगितले. वडिलांचा चेहरा जरा उजळला.

"कुठले तुम्ही, साहेब?"

"मूळचा अमरावतीचा."

"आम्ही नागपूरचे. वा! पोलिसात आपला माणूस सापडला, अन् तोही आपल्यालाच पकडायला!"

मुलगा हसला नाही. तिशीतला, सहा वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर आलेला. "सर, प्लीज, बाबांना काही विचारू नका. तिकिटं मी घेतली. गेटबाहेर एक माणूस विकत होता."

"कसा होता दिसायला?"

"नॉर्मल. कॅप घातलेली."

"आज इथे कॅप न घातलेला एक माणूस दाखवा मला."

नोकरी कुठे करता, असे विचारल्यावर त्याने कंपनीचे नाव सांगितले आणि लगेच वडिलांकडे पाहिले. खोटे पचवू पाहणारा माणूस प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा न्याहाळतो. ज्याला लाज वाटते तो तिसऱ्याकडे पाहतो. हा फरक मला तेव्हाही ठाऊक होता. मी त्याचा उपयोग केला नाही. बाहेर जाऊन त्या कंपनीच्या सुरक्षा कक्षाला फोन लावला आणि परत येऊन सरळ म्हणालो, "तुमचं ओळखपत्र फेब्रुवारीतच बंद झालंय. नोकरी नाही, घरात कॉम्प्युटर आहे. आता खरं बोला."

मुलगा वडिलांकडे वळला. "बाबा, मी सांगणारच होतो. मंगळवारी एक इंटरव्ह्यू आहे, तो झाला की..."

"माहीत आहे रे मला." वडिलांचा आवाज खाली गेला होता. "मार्चात लायब्ररीत पेपर वाचायला गेलो होतो. तू कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी बसला होतास, डबा बाजूला. मी आल्या पावली निघून आलो."

"आणि तरी रोज विचारायचात, आज ऑफिसात काय झालं?"

"तू छान सांगायचास."

मग मुलगा माझ्याकडे वळला. "सर, मीच बनवली तिकिटं. लिहून घ्या आणि बाबांना घरी सोडा."

नोकरी गेलेल्या माणसाचा व्हिसा आधीच टांगणीला लागलेला असतो. त्यावर फसवणुकीचा गुन्हा म्हणजे मंगळवारची मुलाखत संपली आणि हा देशही संपला. हे त्यालाही माहीत होते, मलाही. मी जबाबाचा कागद पुढे केला. त्याने सही केली, खाली तारीख घातली: आधी महिना, मग दिवस. इथे तशीच लिहितात.

माझे लक्ष टेबलावरच्या तिकिटाकडे गेले. तिथे आधी दिवस होता, मग महिना. इथल्या पद्धतीने वाचले तर तो सामना सप्टेंबरात होता, आणि सप्टेंबरात या लीगचा एकही सामना नसतो. इथल्या शाळेत पहिल्या वर्षी माझ्या वहीवरही उलट्या तारखेबद्दल लाल रेघा पडल्या होत्या. सहा महिन्यांत हाताला वळण लागले. सहा वर्षे इथे राहिलेल्या माणसाकडून ही चूक होत नाही. नुकत्याच आलेल्याकडून होते.

"काका," मी म्हणालो, "आजची तारीख लिहून दाखवता?"

त्यांनी पेन उचलले, तिकिटाकडे पाहिले आणि पेन खाली ठेवले. "राहू द्या साहेब. पट्टी घरी माझ्या बॅगेत आहे."

नागपुरात चाळीस वर्षे त्यांनी छापखान्यात काम केले होते. मुलगा विद्यापीठाच्या संघातून खेळायचा, आणि हे प्लेऑफ्सचे सामने दोघे घरी टीव्हीवर मिळून पाहत. जानेवारीत वडिलांना बोलावताना त्याने एक सामना दाखवण्याचे कबूल केले होते. नोकरी गेल्यावरही "तिकिटं येतायत, बाबा" असे तो दर आठवड्याला सांगत राहिला. शेवटी शेजाऱ्याने आठवण म्हणून दिलेले एक वापरलेले तिकीट समोर ठेवून वडिलांनी तशीच दोन बनवली. त्या तिकिटावर चौथ्या महिन्याची चार तारीख होती, त्यामुळे आकड्यांचा क्रम त्यांना कळायला वावच नव्हता. मुलाला सांगितले, शेजाऱ्याला जमत नाही म्हणून त्याने दिली.

"तिकिटं माझ्याकडून आली, की त्याला पुन्हा खोटं बोलावं लागणार नव्हतं," ते म्हणाले. "बाकी काही मनात नव्हतं."

तिकिटे विकली नव्हती, वयही पाहिले गेले. न्यायालयाने समज देऊन त्यांना सोडले. मुलावर गुन्हा दाखल झाला नाही. टोळी होती की नव्हती, ते आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. गुन्हा उघडकीला आला म्हणून वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. पण तो उघडकीला आणायला ती तारीख पुरेशी होती, आणि ती पहिल्या क्षणापासून माझ्यासमोर टेबलावर पडून होती. नोकरीची गोष्ट मी काढली नसती तरी चालले असते.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर वडिलांनी मला नमस्कार केला. "तुमचं काम तुम्ही केलंत. पण मला बाहेर बसायला सांगितलं असतंत, तर मी बसलो असतो हो."

ते आठवड्याभरात परत गेले. पुढे मुलगा ठाण्यात जमा असलेल्या वस्तू न्यायला आला. व्हर्जिनियात हर्नडनला त्याला काम मिळाले होते. वडिलांची चौकशी केली तेव्हा म्हणाला, "बरे आहेत. दर रविवारी फोन करतो. नवीन जॉबचं सांगितलं. बरं म्हणाले." मग पाकिटावर सही करता करता थांबला. "आता ऑफिसात काय झालं, असं विचारत नाहीत."

त्यानंतरच्या नोकरीत आमच्या मंडळींतली अनेक प्रकरणे माझ्यापुढे आली, आणि बहुतेकांत कोणी ना कोणी वडीलधारे माणूस होतेच. मी प्रत्येक वेळी त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची उचलून बाहेर नेली आणि म्हणालो, "काका, तुम्ही इथे बसा." काहींना तो अपमान वाटला, एकांनी तर मला संस्कार विचारले. मी आत येऊन दार लावून घेतले.