उपास धरलेली घोडी

सुरतेत भाच्याच्या वरातीला आलेल्या खानदेशी घोडीवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. त्याच्या घोडीला साखरेचा त्रास होता, त्यातून खुरं सुजायची, म्हणून डॉक्टरांनी गूळ बंद करून गोळ्या दिल्या होत्या. हे तो मला हळूच सांगत होता, तेवढ्यात नवरदेवाची आई, म्हणजे माझी ताई, घोडीला भरवायला गूळ-डाळीचं ताट घेऊन आली. शुभकार्यात आजार कसा सांगायचा? घोडीच्या तोंडापुढे आपली टोपी धरून तो म्हणाला, "माय, आज तिले उपास शे."

ताई गहिवरली आणि आतून राजगिऱ्याचे लाडू घेऊन आली. ते त्याने निमूटपणे स्वतः खाल्ले. घोडीला मात्र खिशातली, गोळी खुपसलेली काकडी दिली.

ताईने घोडीला हात जोडले. म्हणाली, "येणाऱ्या सुनेला एवढं तरी जमू दे."