डबी शिवलेलं जॅकेट

लाँड्रीवाल्या वहिनीच्या नाकावर राग असतो, असं गल्लीत सगळे म्हणतात. खोटं आहे. राग तिच्या हातात असतो. चिडली की इस्त्री अशी फिरवते की शर्टाची कॉलर आठवडाभर मान टाकत नाही. गिऱ्हाइकांना हे ठाऊक आहे. समारंभाचे कपडे ती कुणाशी तरी भांडत असताना आणून टाकावेत, असा त्यांचा अनुभव आहे.

आणि भांडायची ती बहुतेक नवऱ्याशी. नवरा प्लंबर. लोकांचे नळ धावत जाऊन दुरुस्त करील, स्वतःच्या मोरीतला नळ मात्र वर्षानुवर्षं ठिबकतोय. चाळिशी उलटल्यावर या गृहस्थाच्या डोक्यात सायकल शिरली. तीही साधीसुधी नाही, दिवसच्या दिवस चालणारी शर्यत. तिचा नियम एकच, ज्याचं त्यानं बघायचं. मागे गाडी नाही. खाणं विकत घ्या, पंक्चर स्वतः काढा, झोप येईल तिथे आडवे व्हा. घरच्या कुणी पाण्याची बाटली जरी हातात दिली तरी बाद. हा खेळ कुणी रिकामटेकड्यानं काढला, हे वहिनीला अजून कळलेलं नाही.

शर्यतीत प्रत्येकाला काडेपेटीएवढी एक डबी मिळते. माणूस कुठे आहे ते ती नकाशावर ठिपक्यानं दाखवते. तिला दोन बटणं. हिरवं दाबलं की घरी मोबाइलवर निरोप येतो, 'ठीक आहे'. लाल दाबलं की 'मदत हवी', आणि मग शर्यत संपली. झोपायच्या आधी हिरवं दाबत जा, एवढंच वहिनीचं मागणं होतं. पठ्ठ्यानं एकदाही दाबलं नाही. "दाबायचं काय त्यात? मी ठीकच असतो की." गेल्या वर्षी तर डबी घरच्या फ्रिजवर राहिली आणि हे महाशय निम्म्या रस्त्यातून परत आले.

म्हणून यंदा वहिनीनं डोकं चालवलं. लांबून चमकणारं नारिंगी जॅकेट तिनंच त्याला घेऊन दिलं होतं. त्याच्या छातीवर तिनं खिसा शिवला, डबी आत घातली आणि तोंड दुहेरी टाक्यानं बंद करून टाकलं. बटणं कापडावरूनच बोटाला लागत होती. "आता डोकं विसरलास तरी चालेल, डबी विसरणार नाहीस," ती म्हणाली. एरवी ती त्याला अहो म्हणते, भडकली की अरे-तुरेवर येते.

शर्यतीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ठिपका घरापासून दोनेक तासांवरच्या एका पेट्रोल पंपावर थांबला. दुपार झाली तरी तिथेच. नणंद गल्ल्यावर बसून मोबाइलवर बघत होती. दुकानाची व्हॅन चालवणारीही तीच.

"दादा शहाणा झाला म्हणायचा," ती म्हणाली. "मस्त सावलीत झोपलाय."

वहिनीनं इस्त्री उभी केली. "तुझा दादा लग्नातसुद्धा एवढा वेळ एका जागी बसला नव्हता."

नवऱ्याचा मोबाइल बंद. चार्जिंग वाचवायला तो तसाच ठेवतो. मग तिनं शर्यतवाल्या साहेबांना फोन लावला. साहेब गोड बोलले. माणूस सुरक्षित जागी विश्रांती घेतोय, सगळ्यांनी अशीच घ्यावी, आणि घरच्यांनी मध्ये पडू नये, उगाच बाद होईल बिचारा.

"तुम्ही माणूस बघताय की ठिपका?" असं विचारून वहिनीनं फोन आपटला. पंपाचा नंबर शोधायला मग नणंदेला वेळ लागला नाही.

पंपावरचा माणूस म्हणाला, "सायकलवाले? ते तर सकाळीच गेले. कपडे धुऊन वाळत टाकले होते, तासभर झोपले आणि घाईघाईत निघाले. नारिंगी जॅकेट राहिलंय त्यांचं इथे, तारेवर."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी त्याच्यावर, आणि व्हॅनमध्ये बसेपर्यंत स्वतःवर. डबी सायकलला असती तर जॅकेट राहिलं तरी ठिपका त्याच्याबरोबर गेला असता. जीव राखणाऱ्या दोन्ही गोष्टी तिनं एकत्र शिवल्या आणि दोन्ही एकदम मागे राहिल्या. आता तो रस्त्यावर लांबून दिसत नव्हता आणि नकाशावर सापडत नव्हता. वाटेत ओलांडून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला तिनं शिव्या घातल्या. नणंद गाडी हाकत होती.

पंपावरून जॅकेट उचललं आणि त्या शर्यतीच्याच रस्त्यानं त्या पुढे निघाल्या. पुलापलीकडच्या वळणावर तो दिसला. मैलाच्या दगडाला टेकून बसलेला, उजवा हात डाव्या हातात धरलेला, मोबाइलचा चुरा झालेला, सायकलचं पुढचं चाक मुडपलेलं. ट्रकचा आरसा घासून गेला होता आणि ट्रकवाला थांबला नव्हता. व्हॅन ओळखून तो ओरडला, "थांबू नका! पुढे जा! बाद होईन मी!"

वहिनी उतरली. वाटेत जुळवलेलं सगळं तिनं त्याला ऐकवलं, न जुळवलेलंही ऐकवलं. तो मान खाली घालून बसला होता.

"खांदा जरा दुखावलाय," शेवटी तो म्हणाला. "चाक सरळ केलं की निघतो."

"एका हातानं?"

"तू जा ना. कुणी बघितलं तर..."

तिनं एप्रनमधली छोटी कात्री काढली आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला बसून, जॅकेटवरचे टाके कापायला घेतले. दुहेरी टाका, लवकर सुटेना.

"मी शिवलं हे," ती म्हणाली. "मी. तुला काही झालं असतं तर मी कुणाशी भांडले असते रे?"

तिनं डबी काढून त्याच्या चांगल्या हातात ठेवली. "दाब. जन्मात एकदा तरी दाब."

त्याचा अंगठा सवयीच्या हट्टानं हिरव्यावर गेला आणि तिथेच राहिला. एक ट्रक इतक्या जवळून गेला की तिच्या मांडीवरचं जॅकेट उडालं. त्यानं चाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. अंगठा सरकवून त्यानं लाल बटण दाबलं.

तिच्या एप्रनमधला मोबाइल वाजला. तिनं तो काढला, डोळे पुसून निरोप नीट वाचला. मदत हवी.

"आलेय ना, मेल्या," ती म्हणाली. "आलेय ना मी."