हार घातलेली स्पोर्ट्स कार

गाडीचं इंजिन चालू होतं आणि तिसरं भाषण सुरू झालं होतं.

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये परसराम यांच्या पत्र्याच्या शेडसमोर ही सभा भरली होती. मी मुंबईच्या एका दैनिकाचा अंबरनाथ-बदलापूर भागातला वार्ताहर. डेस्कचा, म्हणजे बातम्या तपासून छापायला देणाऱ्या मंडळींचा, निरोप आला होता: देशी स्पोर्ट्स कार निघतेय, संध्याकाळपर्यंत मजकूर हवा.

परसराम कराचीत मोटारी दुरुस्त करत. फाळणीनंतर ते इथे आले आणि लष्कराने लिलावात काढलेल्या जीपवर काम करू लागले. आता शेडला नोटीस लागली होती. चालता उद्योग दाखवा, नाहीतर जागा सोडा. पुनर्वसन खात्याचे साहेब तो बघायला त्या सकाळी समोर बसले होते.

यात स्पोर्ट्स कार आणली देवधरांनी. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिस सांभाळत. विलायती मासिकात त्यांनी एका इटालियन मोटार कंपनीच्या जन्माची हकीकत वाचली होती. तिचा मालक जुन्या कंपनीतून बाहेर पडला, तेव्हा काही वर्षं स्वतःच्या नावाने शर्यतीच्या गाड्या काढायच्या नाहीत, असा करार त्याच्या गळ्यात होता. युद्धात त्याने ग्राइंडिंग मशीनं बनवली आणि युद्ध संपल्यावर गाडी काढली. देवधरांनी यातून निष्कर्ष काढला की युद्ध, मशीनं आणि शेड आपल्याकडेही आहेत.

त्यांनी समिती नेमली. इटलीत मालकाला स्वतःचं नाव लावायची बंदी होती. इथे समितीतल्या प्रत्येकाला आपलंच लावायचं होतं. बोधचिन्हात सिंह हवा की गरुड, यावर बैठका झडल्या. तोवर परसराम यांनी जीपच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून लाल रंग दिला. नाक इतकं निमुळतं की पुढची जाळी जेमतेम ताटाएवढी. जाळीमागे रेडिएटर. इंजिनात तापलेलं पाणी तिथे हवेने थंड होतं. हवा आत गेली तर.

साहेब येताच परसराम यांनी इंजिन सुरू केलं. बंद केलं तर पुन्हा लागेल, याची त्यांना खात्री नव्हती. मग पूजा झाली, नारळ फुटला. समितीने गाडीच्या नाकावर हार घातला, व्यापारी मंडळाने घातला आणि सर्वांत जाड, झेंडूचा, खुद्द परसराम यांनी घातला.

देवधर रंगात आले होते. "त्या इटालियन माणसाकडे काय होतं? जिद्द!"

परसराम खालून म्हणाले, "साईं, थोडा शॉर्ट में करो. गाडी गरम होते."

"होऊ दे गरम! आपलं रक्तही गरम झालं पाहिजे!"

टाळ्या पडल्या.

भाषण महायुद्धापर्यंत पोचलं तेव्हा झेंडूतून वाफ येऊ लागली. व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांना तो धूप वाटला. त्यांनी हात जोडले. मग बॉनेटखाली फट्ट झालं, पाकळ्या उडाल्या आणि साहेब सोडून पहिली रांग रिकामी झाली. इंजिन थांबलं. गाडी जागची हललीही नव्हती.

साहेब रुमालाने चष्मा पुसू लागले. देवधर मागे हटणारे नव्हते.

"साहेब, इटलीतलीसुद्धा पहिल्याच शर्यतीत बंद पडली होती. पेट्रोलचा पंप गेला."

"तेव्हा ती कुठे होती?"

"आघाडीवर."

"आणि ही?"

देवधरांनी गाडीकडे पाहिलं. ती मांडवात होती.

परसराम यांनी तोवर हार उपटून फेकले होते. गोणपाटात धरून रेडिएटर बाहेर काढला, सुटलेल्या जोडाला कथलाचा डाग दिला, पाणी भरून पाहिलं. थेंब गळला नाही. साहेब खुर्ची सोडून शेजारी येऊन उभे राहिले.

"हे रोज करता?"

"रोज, साहब. सगळे जीपवाले इकडेच येतात."

"मग हे का नाही दाखवलं?"

"कमिटी बोली, इटली दाखवा."

साहेबांनी उभ्याउभ्या शेरा लिहिला: रेडिएटर दुरुस्तीचा उद्योग चालू, जागा कायम. शेड वाचली. देवधरांनी समितीचा राजीनामा दिला आणि तो स्वीकारायचा की नाही, यासाठी समितीने खास बैठक बोलावली.

मी जे घडलं ते लिहून पाठवलं. डेस्कने भाषण सविस्तर छापलं, कारण त्याची प्रत देवधरांनी आधीच पोचवली होती. रेडिएटर जागेअभावी गळला.

पुढे नोकरीत बरीच उद्घाटनं पाहिली. यंत्र बघायच्या आधी मी वक्ते किती आहेत ते विचारतो. यंत्राचा अंदाज सहसा त्यावरूनच येतो.