औशाला आलेलं पिवळं पान

ती केस आठवली की मला आजही आधी हसू येतं, आणि मग गादीवाल्या चाचांचा चेहरा डोळ्यांपुढे उभा राहतो. पोलीस खात्यात हसवणाऱ्या केसेस फार वाट्याला येत नाहीत, म्हणून ही मी जपून ठेवली आहे. नावं कोणाचीच सांगणार नाही. आरोपीने आपली शिक्षा भोगली आहे आणि बाकीची माणसं सुखात आहेत.

मी तेव्हा लातूर शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. ऐन उन्हाळ्याचे दिवस. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात माझे एक हवालदार औशाच्या अप्पांना घेऊन आले. अप्पांचं औशात खत-औषधांचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा शर्ट, आणि चेहरा असा की जणू घरात चोरी झाली आहे.

आमच्याकडची एक रीत इथे सांगायला हवी. पीक आजारी पडलं की माणूस एक पान तोडतो, खिशात घालतो आणि तडक औषधाच्या दुकानात जातो. दुकानदार ते पान उलटंपालटं करून बघतो आणि मागच्या फळीवरची बाटली काढून देतो. डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करणारी माणसंही पान घेऊन दुकानात जायला एक दिवस लावत नाहीत.

"काल असाच एक जण आला, साहेब," अप्पा म्हणाले. "म्हनला, अंबाडी पिवळी पडून राहिली, शेंडे वाकडे होऊ लागले, अन् वरून पांढरं चढलंय. औषध द्या. आता अंबाडीचं पान म्हणल्यावर मी तोंडात टाकूनच बघतो. आंबट लागतंय ना. हे कडू. अन् वास तर इचारूच नका."

"मग?"

"मग इचारलं, रान कुठलं? तर म्हने रान न्हाई, घरात कुंडीत हाय, लाईटखाली. अंबाडीला लाईट कोन लावतंय, साहेब? मी उद्या ये म्हनलं, तर लातूरच्या बसकडं पळाला. पान इथंच राहिलं."

"दिसायला कसा होता?"

"तोंडाला रुमाल, डोळ्याला गॉगल. ह्या उन्हात औशात समदे असेच फिरतेत." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "लिंगपूजा केल्याबिगर पानी पीत न्हाई मी. अन् तोंडात काय गेलं बघा. कालपासून चुळा भरून राहिलो."

मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी तो घेऊन बाहेर जाऊन आणखी दोन चुळा भरल्या.

पान टेबलावर कोऱ्या कागदावर ठेवलं. पान गांजाचं आहे हे मला दिसलंच होतं. पण ठाण्यातले निम्मे कर्मचारी शेतकऱ्यांच्या घरचे. गांजा राहिला बाजूला, सगळे त्या पानाच्या आजारावर तुटून पडले. मुदखेडकडचे हवालदार, ज्यांच्या घरी फुलशेती, ते म्हणाले, "ही भुरी हाय, पांढरी बुरशी." ठाणे अंमलदार म्हणाले, "भुरी कशाची, पिठ्या ढेकूण." वायरलेसवरचा शिपाई आपली जागा सोडून आला आणि पाणी जास्त झालंय असं सांगून परत गेला. त्या दिवशी तक्रार द्यायला आलेल्या एका गृहस्थानेही आपलं मत दिलं.

मी टाचणी घेतली आणि ते पांढरं अलगद उचललं. उचललं तसं ते लांबलं. बुरशी काही लांबत नाही. माझ्या आईने जन्मभर गोधड्या आणि उश्या भरल्या, त्यामुळे पिंजलेला कापूस मी अंधारातही ओळखीन. पानावर होतं ते कापसाचं बारीक तूस.

लातुरात गादी भरणारे बरेच. पण ज्याच्या माडीवर भाड्याची खोली आहे आणि जिथे वरच्या मजल्यापर्यंत तूस उडतं, अशी एकच जागा हवालदारांना सापडली. खात्री करून मी स्टेशन डायरीत नोंद घेतली, वरिष्ठांना कळवलं, पंच आणि वजनकाटेवाला बोलावला आणि आम्ही दुपारी तिथे गेलो.

खाली गाद्यांचं दुकान, मागे घर, मागल्या जिन्याने वर खोली. खोलीसमोरच्या सज्ज्यात चाचा धनुकली घेऊन कापूस पिंजत बसले होते. दाढीवर, भुवयांवर, टोपीवर सगळा कापूस. तार वाजत होती आणि स्वारी गुणगुणत होती. मशीन का वापरत नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "मशीन खाली आहे ना, साहेब. पण उद्या जुम्याच्या नमाजनंतर मुलीचा निकाह आहे. आमच्या घरात मुलीच्या बिछान्याचा कापूस बापच हातानं पिंजतो. माझ्या वालिदनी माझ्या बहिणींचा पिंजला, मी हिचा पिंजून राहिलो. शेवटची गादी आहे."

त्यांच्या मागेच त्या खोलीची खिडकी होती. खिडकीला हवा आत ओढणारा पंखा लावलेला. पिंजलेला कापूस उडत होता आणि पंखा तो आत घेत होता.

कुलूप भाडेकरूचं, किल्ली चाचांकडे नव्हती, म्हणून पंचांसमोर कोयंडा तोडला. आत कुंड्या, वर दिवे, भिंतींना चकचकीत कागद, आणि कुंड्यांत ती झाडं. पिवळी, करपलेली, अंगावर पांढरं तूस. मी चाचांना दाखवलं. त्यांना आधी कळेना. मग कळलं तेव्हा ते जिन्याच्या पायरीवरच बसले.

"तो तर क्लासवाला सर आहे, साहेब," ते म्हणाले. "क्लासमध्ये शिकवतो आणि स्वतः पण मोठ्या परीक्षेची तयारी करतो म्हणाला. दिवसरात लाईट चालू. आम्ही म्हणायचो, केवढा अभ्यास करतोय बिचारा. हिची अम्मी ईदला शीरखुर्मा दरवाजात ठेवून आली त्याच्यासाठी. मी दुआ करायचो, पास होऊ दे म्हणून."

लातुरात क्लासच्या नावाने कोणालाही खोली मिळते. चाचांनीही दिली होती, लेखी करार काही नाही. तो क्लासवाला संध्याकाळी जिन्याशी आला, गणवेश पाहून उलटा वळला आणि हवालदारांच्या हाताशी सापडला. पण तो कच्चा नव्हता. त्याने शांतपणे सांगितलं, "खोली मी दिवाळीतच सोडली, साहेब. राहिलेली पुस्तकं न्यायला आलो होतो. झाडं म्हाताऱ्याची असतील. किल्ली तेच वापरायचे."

आता प्रकरण अडकलं. मागल्या जिन्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला कोणी पाहिलेलं नाही. घरच्यांचा शब्द घरच्यांसाठी, असं उद्या वकील म्हणणार. औशाला गेलेल्या माणसाच्या तोंडाला रुमाल. जागा चाचांची, माल चाचांच्या जागेत. दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठांचा फोन आला, "घरमालकाला अजून अटक का नाही?" गांजाच्या कायद्यात जामीन सहजी मिळत नाही. म्हणजे लेकीचा निकाह दुपारी आणि बाप कोठडीत. चाचा ठाण्याच्या बाकावर बसून होते. नवा झब्बा घडी करून मांडीवर. घरच्यांनी आणून दिला होता, वेळेवर सोडलं तर इथूनच घालून यावं म्हणून. त्या झब्ब्याकडे बघवत नव्हतं.

मी वरिष्ठांना एवढंच म्हणालो, "सर, खोलीत आपलं पीक असतं तर माणूस तिच्याच पंख्यासमोर कापूस पिंजत बसला असता का? मला दुपारपर्यंत वेळ द्या." त्यांनी दिला, पण आवाज काही खूश नव्हता.

त्या क्लासवाल्याला समोर बसवलं. तिशीतला, नायगाव तालुक्यातला, घरची शेती असलेला. रात्रीपासून तो एकच पाढा म्हणत होता. झाड कसलं तेही आपल्याला माहीत नाही. मुद्देमालाचे फोटो टेबलावर पसरलेले होते आणि आमच्या लोकांचा पुन्हा तोच वाद सुरू झाला. ठाणे अंमलदार म्हणाले, "पिठ्या ढेकूणच." तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. या माणसाने मान हलवली नाही, पण ओठ हलवले. हवालदार "भुरी" म्हणाले तेव्हा त्याचा चेहरा सैल झाला.

मग मी मुद्दामच फोटो उचलला आणि तोंड वाकडं केलं.

"याला रोगबिग काही नाही," मी म्हणालो. "पाणीच दिलेलं नाही. ज्याने लावलं त्याला शेतीतलं ओ का ठो कळत नाही. कुंडीत झाड लावायचं आणि विसरून जायचं. गादी भरणाऱ्याचंच काम हे."

हवालदार जुने होते. त्यांनी माझा रोख पकडला. "हाव की, साहेब. आमच्या आईनं परसात चवळी लावली तरी यापरीस बरी येतीय. कोन्या येड्यानं मारली ही झाडं?"

क्लासवाल्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. मी आणखी एक फोटो घेतला. "हे बघा. माती कोरडी ठाक. पाप लागेल असल्या माणसाला."

"कोरडी कशी, साहेब?" तो एकदम बोलला. "बोट खुपसून ओल बघितल्याबिगर एक दिवस बी पानी घातलं न्हाई. भुरीच होती ती. पहिल्याच दिवशी वळखली म्या. दर दोन दिसाला औषध मारून राहिलो, तरी हटंना."

त्याने हवालदारांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग डोकं दोन्ही हातांत धरलं.

"चहा घे," मी म्हणालो आणि हसू दाबायला फोटो गोळा करू लागलो.

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, पण त्या कबुलीतून निघालेल्या वस्तूला असते. चहा संपेपर्यंत तो सगळं बोलला. फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या, बी आणि खोलीची दुसरी किल्ली त्याने लातुरातच मित्राच्या बंद गाळ्यात ठेवली होती. पंचांसमोर निवेदन घेतलं, त्याने स्वतः गाळा उघडून वस्तू काढून दिल्या. जप्त किल्ली खोलीच्या कुलपाला चपखल बसली. वरिष्ठांना कळवलं. या वेळी त्यांचा आवाज खूश होता.

मी बाकाजवळ गेलो आणि म्हणालो, "चाचा, झब्बा घाला. जुम्याची नमाज व्हायची आहे अजून."

ते उठले आणि झब्बा उलटा घातला. हवालदारांनी तो सुलट करून दिला. मग त्यांना ठाण्याच्याच जीपने घरी सोडलं. मंडपात जीप शिरली तेव्हा बायकांचं रडणं सुरू झालं आणि लगेच हसण्यात बदललं. दुपारी मीही निकाहला गेलो. चाचांनी आग्रहाने बोलावलेले औशाचे अप्पाही आले होते. त्यांच्यासाठी वेगळं शाकाहारी ताट होतं, तरी कोथिंबिरीच्या प्रत्येक पानाचा वास घेऊनच ते जेवत होते.

आरोपीला न्यायालयातून कारागृहात नेताना त्याने मला थांबवलं.

"साहेब, एकच इचारतो. ते पांढरं नेमकं काय होतं?"

"चाचांच्या लेकीच्या गादीचा कापूस," मी सांगितलं. "तुझा पंखा तो आत ओढत होता. भुरी नव्हतीच. तू औषध मारलंस त्यानं झाडं पिवळी पडली."

तो बेड्यांसकट खदाखदा हसला. "रोगच नव्हता व्हय," म्हणत तो गाडीत चढला.

तेव्हापासून कोणत्याही संशयिताकडे बघताना मला ते पान आठवायचं. पिवळं दिसलं की औषध मारायची घाई आरोपीने केली, आणि आम्ही चाचांच्या बाबतीत तेच करायला निघालो होतो. पुढच्या सगळ्या नोकरीत मी नव्या फौजदारांना हीच गोष्ट सांगितली. आधी टाचणीने उचलून बघा, मग ठरवा. काही हसायचे, काही लक्षात ठेवायचे.

त्या शुक्रवारी चाचांनी मला एक उशी देऊ केली होती, लेकीच्या गादीतून उरलेल्या कापसाची. नोकरीत आहे म्हणून मी घेतली नाही. निवृत्तीच्या दिवशी ठाण्याच्या दारात चाचा आणि त्यांची लेक उभी होती, तिच्या कडेवर मूल. चाचांच्या काखेत तीच उशी. "आता तर तुम्ही साहेब नाही," ते म्हणाले. मी ती दोन्ही हातांनी घेतली. डोळे भरून आले होते, आणि कोणी विचारलंच तर कापसाचं तूस गेलं म्हणून सांगणार होतो.